कुठल्या ट्यूबा घेऊ?

गिटार वाजवणाऱ्या दोस्तमंडळींत एक प्रश्न दर काही महिन्यांनी फिरून फिरून येतो. "अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूबा गेल्यात, कुठल्या घेऊ?" मग उत्तरांची जी रांग लागते ती ऐकण्यासारखी असते. एक म्हणतो मलार्ड घे, आवाजाला मध लागतो. दुसरा म्हणतो छे, जेजे घे, मलार्ड फार मऊ. तिसरा (हा हमखास असतोच) म्हणतो की साठच्या दशकातल्या अमेरिकन आरसीए मिळाल्या तर घे, नाहीतर अ‍ॅम्प विकून टाक. ट्यूबांबद्दल चाललंय की मिठाईच्या दुकानाबद्दल, हेच कळेनासं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. पॉवर ट्यूब ही गाडीच्या टायरसारखी झिजणारी वस्तू आहे. आपल्या अ‍ॅम्पच्या व्होल्टेजला टिकेल अशी घ्यावी, आज बनणारी घ्यावी, आणि डब्यावरच्या नावासाठी जे जास्तीचे पैसे मोजणार होतात ते ती बसवून बायस नीट लावून देणाऱ्या माणसाला द्यावेत. बस्स.

ज्यांनी ट्यूब अ‍ॅम्प कधी उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजोबांच्या मर्फी रेडिओत जे 'व्हॉल्व्ह' असायचे, तेच हे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून असे व्हॉल्व्ह आपल्याकडे बनवले. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ-टीव्हीतून ते हद्दपार झाले. उरले गिटारवाले आणि थोडे हायफायवाले. अ‍ॅम्पमधल्या छोट्या ट्यूबा (बहुतेक वेळा १२एएक्स७) सिग्नल वाढवतात, आणि शेवटच्या मोठ्या ट्यूबा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतात. या मोठ्या म्हणजे पॉवर ट्यूबा. यांच्या आत कॅथोडवर एक लेप असतो, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. हा लेप वापराने थकतो. छोट्या ट्यूबेला फारसा करंट वाहायचा नसतो म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. मोठी बिचारी हमाली करते, आणि लवकर दमते.

आता मुद्द्याचा भाग. ब्रँडच्या गप्पा इतक्या ठामपणे कशा काय मारल्या जातात?

समजा तुमच्या अ‍ॅम्पमध्ये सहा वर्षं त्याच ट्यूबा आहेत. लेप थकलाय, दोघींपैकी एक दुसरीपेक्षा जास्त थकलीय, खर्जाचा आवाज सैल पडलाय. पण हे रोज थोडं थोडं होत गेलं, त्यामुळे तुम्हाला पत्ताच नाही. एक दिवस तुम्ही 'मलार्ड' मागवता. टेक्निशियन ती बसवतो, बायस लावतो, जाता जाता सॉकेट साफ करतो, एखादा भाजलेला रेझिस्टर बदलतो. घरी येऊन तुम्ही ई मेजर छेडता आणि... आहाहा! काय तो आवाज! मलार्ड ती मलार्ड!

अहो, एका कमिटमध्ये चार बदल आणि श्रेय एकट्या डब्यावरच्या नावाला? ऑफिसात कुणी अशी पुल रिक्वेस्ट टाकली तर आपण त्याला सुखाने जेवू देत नाही. इथे मात्र आपणच 'फिक्स्ड' म्हणून तिकीट बंद करून मोकळे! त्या जागी कुठलीही धड नवी जोडी असती तरी आहाहा झालंच असतं. आणि तुलना करायची म्हटलं तरी अ‍ॅम्प बंद करा, ट्यूबा गार होऊ द्या, बदला, परत बायस लावा, तापू द्या. यात अर्धा तास सहज जातो. इतका वेळ आवाजाचा बारकावा डोक्यात धरून ठेवणारा कान मला अजून भेटलेला नाही. त्यात एक जोडी किंचित मोठी वाजत असेल तर ती 'चांगली'च वाटते, हा आपल्या कानांचा जुना दोष.

शिवाय आपण वाजवतो कुठे? सोसायटीच्या फ्लॅटमध्ये. तिथे २२ वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा तीनच्या पुढे नेला की खालच्या काकूंचा फोन. त्या व्हॉल्यूमला पॉवर ट्यूब डिस्टॉर्शनच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो गुण घरी ऐकूच येत नाही :-)

बरं, ही नावं तरी काय आहेत? खरी मलार्ड इंग्लंडात ब्लॅकबर्नला बनायची, तो कारभार १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आटोपला. आज त्या नावाने मिळणारी ट्यूब रशियात सारातोव्हच्या कारखान्यात बनते. हा कारखाना न्यू सेन्सर या न्यूयॉर्कच्या कंपनीकडे आहे. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, जेनेलेक्स गोल्ड लायन हीसुद्धा त्याच घरची नावं. सगळ्या ट्यूबा आतून एकसारख्या असतात असं नाही, रचना वेगवेगळ्या असतात, पण 'ब्रिटिश आवाज विरुद्ध अमेरिकन आवाज' असा वाद या डब्यांवरून घालणं म्हणजे एकाच किचनमधून आलेल्या दोन थाळ्यांवरून प्रांतवाद करणं. जेजेचा कारखाना स्लोव्हाकियात आहे, आणि बाकीचा बराचसा माल चीनचा. जगाचा गिटार अ‍ॅम्पचा धंदा या मोजक्या ठिकाणांवर चालतो. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी लावली तेव्हा सारातोव्हच्या साऱ्या ब्रँडच्या ऑर्डर काही काळ थांबल्या, आणि परत सुरू झाल्या त्या वाढीव भावाने. आपल्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

आणि ज्या आवाजांची आपण पूजा करतो ते तरी कसे ठरले? मार्शलचा पहिला जेटीएम४५ हा फेंडरच्या बासमनवरून बेतलेला. त्यात आधी ५८८१ होत्या, मग केटी६६ आल्या, पुढे ईएल३४. नव्वदच्या दशकात चांगल्या ईएल३४ मिळेनात तेव्हा मार्शलने जेसीएम९०० मध्ये पुन्हा ५८८१ घातल्या. म्हणजे ज्यांनी हे अ‍ॅम्प बनवले तेसुद्धा काय मिळतंय आणि काय परवडतंय हे बघूनच ट्यूबा निवडत होते. आपणच त्यांच्यापेक्षा जास्त सोवळे झालोय.

मग निवडायचं कशावरून? एक खरं उदाहरण घेऊ. फेंडरचा साठच्या दशकातला डिलक्स रिव्हर्ब, दोन ६व्ही६ ट्यूबा, २२ वॅट. माझ्याकडे त्याच्या रीइश्यूचं २३० व्होल्टवालं मॉडेल आहे. आरसीएच्या जुन्या डेटाशीटमध्ये ६व्ही६ साठी प्लेट व्होल्टेजची मर्यादा ३१५ दिली होती, पुढे ती ३५० झाली. आणि फेंडरच्या सर्किटवर आकडा छापलाय ४१५! त्या काळच्या अमेरिकन ट्यूबांनी हे निमूटपणे सोसलं. आज बनणारी प्रत्येक ६व्ही६ सोसेलच असं नाही. म्हणून या अ‍ॅम्पसाठी ट्यूब घेताना मी पहिली गोष्ट बघतो ती डेटाशीटमधला कमाल व्होल्टेजचा आकडा. जेजेची ६व्ही६एस ५०० व्होल्ट आणि १४ वॅट सांगते, विषय संपला. माझ्या कानाला ती थोडी ताठ वाजते. चालेल. ताठ वाजणारी ट्यूब परवडली, भर जॅममध्ये शॉर्ट होऊन फ्यूज उडवणारी नको. स्क्रीनचा रेझिस्टर जाणं हे त्यातलं स्वस्त नुकसान, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला की रडू येतं.

मग बायस. इथे नावातच गंमत आहे. ज्याला 'फिक्स्ड बायस' म्हणतात तोच ट्यूब बदलल्यावर हाताने लावून घ्यावा लागतो, आणि व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये तो आपोआप जुळतो. (नावं ठेवणं ही जगातली अवघड गोष्ट आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) फिक्स्ड बायसचा रूढ हिशोब असा: ट्यूबेच्या कमाल वॅटच्या ७० टक्के घ्या, त्याला प्लेट व्होल्टेजने भागा. १४ चे ७० टक्के ९.८, भागिले ४१५, म्हणजे साधारण २३-२४ मिलिअँप. हीच ट्यूब १२ वॅटची धरली तर २० च्या आसपास. ७० टक्के ही वरची हद्द समजा, टार्गेट नव्हे. ६० टक्क्यांवर आवाज आवडला तर तिथेच थांबा, ट्यूबाही जास्त जगतील. त्याच जोडीवर बायस २० वरून १५ ला आणून ऐका. ब्रँड बदलून जो फरक कानाला शोधावा लागतो, तो इथे शोधावा लागत नाही.

आता हा सगळा हिशोब २३० व्होल्ट धरून झाला. आपल्याकडे प्लगमध्ये कधी २३० असतात, कधी २४५. २४५ असतील तर प्लेटचे ४१५ होतात ४४२, आणि फिलामेंटचे ६.३ होतात ६.७. फिलामेंटला दहा टक्क्यांची सवलत असते, त्यामुळे लगेच काही बिघडत नाही, पण आयुष्य कमी होतं. तेव्हा बायस लावताना टेक्निशियनकडे त्या वेळी मेन्सला किती होते ते विचारून ठेवा आणि घरी रात्री दहाला किती असतात तेही बघा. पन्नास वर्षं जुन्या ट्यूबेच्या शोधात महिनोन्‌महिने घालवणारे लोक हा एक आकडा बघत नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं.

जुन्या न वापरलेल्या ट्यूबांबद्दल माझा विरोध सरसकट नाही. छोटी १२एएक्स७ जुनी मिळाली, खात्रीची मिळाली, तर जरूर घ्या. पुढची दहा-पंधरा वर्षं ती साथ देईल. पण पॉवर ट्यूबेत तेवढेच पैसे घालणं म्हणजे विंटेज टायर घालून रोज ऑफिसला जाणं. त्यातून नुसती अक्षरं पुसून नवी छापणारे महाभाग काही कमी नाहीत, आणि 'टेस्टेड गुड' या शब्दांमागे किती व्होल्टला टेस्ट केली हे कुणी सांगत नाही.

'सॉकेटमध्ये बसतेय ना, मग घालून बघ' हा सल्ला तर कानाआड करा. ६व्ही६, ६एल६ आणि ईएल३४ या तिघींचं बूड सारखंच आठ पिनांचं. पण फिलामेंटला ६व्ही६ खाते ०.४५ अँपिअर, ६एल६जीसी ०.९ आणि ईएल३४ चक्क १.५. ट्रान्सफॉर्मरने हे जादाचं आणायचं कुठून? त्यात फेंडरच्या त्या काळच्या सॉकेटवर १ नंबरची पिन मोकळी म्हणून तिच्यावर ग्रिडचा रेझिस्टर टेकवलेला असतो, आणि ईएल३४ मध्ये नेमकी तीच पिन आतून सप्रेसर ग्रिडला जोडलेली. इंटरफेस जुळला, बाकी सगळं बोंबललं.

ट्यूबा बदलायची वेळ आलीय का, हे कसं ओळखायचं? काचेच्या आतून निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती बहुधा निरुपद्रवी असते. आतली राखाडी प्लेट लाल व्हायला लागली तर मात्र गाणं अर्धवट सोडून आधी अ‍ॅम्प बंद करा. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ट्यूब संपली. आवाज बसला, खर्ज सैल झाला, बोटाने हलकं टिचकावल्यावर स्पीकरमधून घंटा वाजली, तर जोडी बदला. दोन्ही एकदमच, मॅच केलेली जोडी. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करून बघू नका, कितीही मोह झाला तरी.

बायस स्वतः लावायची हौस असेल तर एवढं लक्षात घ्या, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसून असू शकतात. ते डिस्चार्ज कसे करायचे हे हातात हात घेऊन कुणी शिकवलं नसेल तर झाकण उघडू नका. लॅपटॉपमध्ये रॅम घालता येते म्हणजे हे येतं असं नाही. पुण्या-मुंबईत असा अ‍ॅम्प समजणारी माणसं थोडी आहेत, पण आहेत. त्यांना घासाघीस न करता पैसे द्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर एक जोडी अ‍ॅम्पमध्ये, एक जोडी कपाटात आणि दोन फ्यूज गिटारच्या बॅगेत असतात. अ‍ॅम्पच्या मागच्या फळीवर आतून मास्किंग टेप चिकटवलीय, तिच्यावर तारीख, मेन्सचे व्होल्ट, प्लेटचे व्होल्ट आणि दोन्ही ट्यूबांचे मिलिअँप लिहिलेत. ब्रँड लिहायला जागा उरली नाही.