उनपदेवला जा, पण गोळ्या बंद करू नका

"डॉक्टर, रविवारी सुटी आहे, उनपदेवला जातोय. तिथल्या गरम पाण्याने गुडघे बरे होतात म्हणे. मग गोळ्या बंद करू का?"

हिवाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर ठरलेले आहे. सहलीला जरूर जा, गोळ्या मात्र चालू ठेवा.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव खानदेशात सर्वांना माहीत आहे. शहादा तालुक्यातही याच नावाचा गरम झरा आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खोल मुरलेले पावसाचे पाणी तिथे तापते आणि भेगांतून वर येते.

गरम पाण्याने स्नायू सैल होतात, सांधेदुखी काही वेळ कमी होते, झोप छान लागते. हा फायदा खरा आहे. पण गुडघ्याची झीज भरून येत नाही आणि मधुमेह किंवा रक्तदाबही बरा होत नाही.

मला दोन प्रकारच्या रुग्णांची जास्त काळजी वाटते.

पहिले म्हणजे जुना मधुमेह असलेले. त्यांचे पाय बधिर झालेले असू शकतात. पाण्याचा चटका बसतो, पण कळत नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, जखम चिघळते आणि कधीकधी बोट कापण्याची वेळ येते.

दुसरे म्हणजे अंगावर चट्टा आहे म्हणून झऱ्यावर जाणारे. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पूर्ण होतात. झऱ्याच्या वाऱ्या करण्यात वेळ गेला, तर हातापायांच्या नसा कायमच्या निकामी होऊ शकतात.

जपान हा गरम झऱ्यांचा देश. तिथे शिकवायला गेलेले परदेशी शिक्षकही सुटीचा दिवस अशा कुंडांत मजेत घालवतात. पण तिथल्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे पाण्यात कोणते घटक आहेत आणि कोणी पाण्यात उतरू नये, याचा फलक लावावा लागतो. माझ्या मते आपल्या प्रत्येक झऱ्यावर असा फलक हवा. मराठीत हवाच, जमल्यास अहिराणीतही. श्रद्धेला त्याने काही धक्का लागत नाही, पाय मात्र वाचतात.

तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा:

• पाय बधिर असतील तर पाण्यात उतरू नका. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला पाहायला सांगा आणि ते निवल्यावर तांब्याने अंगावर घ्या.
• उघडी जखम, ताप, गरोदरपण किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• दहा मिनिटे पुरेत. उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते.
• डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका.
• दारू पिऊन उतरू नका. साधे पाणी भरपूर प्या.

सुटीचा आनंद घ्या. आणि अंगावर बधिर चट्टा असेल, तर झऱ्याआधी दवाखान्यात या.