सैनिकाच्या खिशातील साक्ष

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोरी झाली, तेव्हा लढणारे आपले सैनिक नसून मुजाहिदीन आहेत, असे पाकिस्तानने जगाला सांगितले. भारतीय जवानांनी एकेक शिखर परत जिंकले आणि तेथील बंकरांत व मृतांच्या खिशांत ओळखपत्रे आणि पे-बुके सापडली. त्यांवर नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्री या पाकिस्तानी दलाचे नाव होते. बहुतेक मृतदेह स्वीकारण्यास त्या देशाने नकार दिला. भारतीय सैन्याने ते त्यांच्या धर्मविधीनुसार दफन केले. पुढे २०१० मध्ये पाकिस्तानी लष्करानेच आपल्या संकेतस्थळावर ४५३ मृतांची नावे प्रसिद्ध केली. स्वदेशाने नाकारलेल्या त्या सैनिकांची साक्ष तोवर त्या कागदांनीच दिली होती.

सैनिकाच्या ओळखपत्राचे मोल असे आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या सतराव्या कलमाने त्याचा आकारही सुचविला आहे : साडेसहा गुणिले दहा सेंटिमीटर. नाव, हुद्दा, क्रमांक, जन्मतारीख एवढाच किमान मजकूर. परंतु युद्धबंद्याकडून ते कार्ड कोणत्याही परिस्थितीत काढून घेता येत नाही. शस्त्र गेले तरी ओळख राहिली पाहिजे, हे तत्त्व जगाने मान्य केले आहे.

शत्रूच्या कागदांनी आपली बाजू सिद्ध केली. आपल्या सैनिकांच्या कागदांचे आपण काय करतो? अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीकडे पाहावे. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा असतात. सैन्यातून निवृत्त होऊन दुसरी नोकरी करणाऱ्यांची कुटुंबे अशा वसाहतींत राहतात. ती नोकरीही संपली की क्वार्टर सोडावे लागते. पलीकडे नायगाव, परळ, लालबागच्या चाळी पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. घर बदलताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली जाते. पदक शोकेसमध्ये जाते. पिवळे पडलेले पे-बुक आणि डिस्चार्ज बुक मात्र रद्दीच्या गठ्ठ्यात.

सरकारकडे नोंद असेलच, हा विश्वास भाबडा आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदी सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथील अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटींहून अधिक सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. त्यानंतर घरात जपलेला डिस्चार्जचा कागद अनेकांसाठी सेवेचा मोठा आधार ठरला.

कोणी म्हणेल, दुसऱ्या महायुद्धातील शिपाई इंग्रजांसाठी लढला. त्याचे कौतुक आपण कशाला करावे? हा आक्षेप वरवरचा आहे. त्या युद्धात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर पोहोचली होती. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांचे नाव राहिले. १९४७ मध्ये काश्मीर वाचविण्यासाठी उतरलेल्या सेनेत त्याच युद्धात तावून सुलाखून निघालेले अधिकारी व जवान होते. सिंगापूरच्या पाडावानंतर नेताजींच्या आझाद हिंद सेनेत दाखल झालेले हजारो जवानही मूळचे त्याच सैन्यातील. कोण कोणत्या पलटणीत होता, केव्हा बंदी झाला, हे सांगणारा कागद हरवला तर स्वातंत्र्ययोद्ध्याची कहाणीही ऐकीव ठरते. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठीसुद्धा लेखी पुरावाच मागितला जात असे.

पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात दशकानुदशके पडून होत्या. २०२१ मध्ये त्यांतील पहिल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी संगणकावर उपलब्ध झाल्या आणि जगभर विखुरलेल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा गावानिशी शोधता येऊ लागले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांतून घरटी शिपाई देणाऱ्या गावांसाठी असे काम मराठी समाजाने हाती घेऊ नये काय?

त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सेवेत असलेल्या जवानाचे ओळखपत्र ही शासनाची मालमत्ता आहे. ते नियमानुसार परत करावे आणि त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर मिरवू नयेत. पण घरातील जुने पे-बुक, डिस्चार्ज बुक, युद्धभूमीवरून आलेली पत्रे कोरड्या जागी जपावीत. त्यांची स्वच्छ प्रत काढावी. सैनिकाचे नाव, गाव, पलटण आणि सेवेची वर्षे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावीत. जपणे शक्य नसेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रासारख्या, आपापल्या रेजिमेंटच्या केंद्राशी पत्रव्यवहार करावा. वस्तीतील तरुणांनी एका सुट्टीत घरोघरी जाऊन एवढी नोंद केली, तरी एका वसाहतीचा इतिहास वाचेल.

हुतात्मा स्मारकावर वर्षातून एकदा फुले वाहणे सोपे आहे. ज्याच्यासाठी ती वाहायची, त्याचे नाव, गाव आणि पलटण ठाऊक असणे हे त्या आदरांजलीचे पहिले अंग आहे. पेटी रिकामी करण्यापूर्वी तळाचा कागद एकदा वाचावा.