तूर वऱ्हाडाची, वरण मात्र पातळ!

"डॉक्टर, शाकाहारी माणसाला प्रथिने कुठून मिळणार?" हा प्रश्न मला हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारे बहुधा पालक असतात. मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागलेला असतो आणि कोणीतरी त्याला पावडरीचा महागडा डबा आणायला सांगितलेले असते. घर माळकरी किंवा महानुभाव, तेव्हा अंडेही वर्ज्य. मग डब्याशिवाय इलाज नाही, अशी समजूत होते.

मी त्यांना उलट विचारतो, "महिन्याला घरात डाळ किती लागते?" गृहस्थ पत्नीकडे पाहतात. ती सांगते, "चार किलो लागते जी. पाहुणे आले तर पाच." घरात माणसे पाच!

माझ्या मते सारा घोळ इथे आहे. दोष शाकाहाराचा नाही. वरणात पाणी फार आहे.

हिशेब करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. आता दोन्ही वेळच्या मिळून तीन भाकरी धरा. त्यांना २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागले, तर त्यातून २० ग्रॅम मिळाली. पाच किलो डाळ पाच जणांत महिनाभर पुरवली, तर रोज माणशी ३३ ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने. भाजी आणि चहातले दूध मिळून आणखी चारेक. बेरीज ३१! बाईच्या गरजेला १५ ग्रॅम कमी आणि पुरुषाच्या गरजेला त्याहून अधिक.

याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या रोजच्या आहारात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सांगितली आहेत. म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो. त्यात बेसन, मूग, मोट, बरबटी, हरभरा सगळे आले. वाचक भगिनींनी आपल्या किराण्याच्या यादीवर हा भागाकार एकदा करून पाहावा. एवढी डाळ पोटात गेली आणि जोडीला मूठभर शेंगदाणे व वाटीभर दही असले, तर डब्याचे नावही काढावे लागत नाही.

आणि हे आपल्याला सांगावे लागावे, याचेच मला नवल वाटते. तूर पिकवणारा मुलूख हा. अकोल्याच्या डाळ मिलमधून डाळ दूरदूर जाते. गावात कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी वाढतात, ते ताट पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो बेसनात भरपूर असतो. बेसनात जे कमी ते ज्वारी देते. फुणके-कढी, पातोडीची भाजी, डाळभाजी, हिवाळ्यात सोल्यांची आमटी, या आपल्याच घरच्या गोष्टी. त्या आता सणावारी उरल्या आणि रोजच्या ताटात आले भाताबरोबर पिवळे पाणी.

यातही सगळ्यांत कमी कोणाला मिळते? घरच्या सुनेला. ती शेवटी जेवायला बसते. तोवर पातेल्यात उरलेल्या वरणात आणखी पाणी पडते, नाहीतर ती ठेचा-भाकरीवर भागवते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तिची गरज २२ ग्रॅमने वाढते. ४६ ची ६८ होते. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने रोज १७ ग्रॅम जास्त लागतात. नेमकी तेव्हाच घरातली वडील मंडळी "डाळ वातूळ, बाळाचे पोट दुखेल" म्हणून तिच्या ताटातून डाळ काढून टाकतात! हरभरा जड वाटत असेल तर राहू द्या. पण मुगाचे घट्ट वरण, दूध, दही, तीळ, जवसाची चटणी यांना आडकाठी कशासाठी? या चालीला शास्त्राचा कसलाही आधार नाही, आणि सासूबाईंचा मान राखूनही मी हे स्पष्टपणे सांगतो. घट्ट वरणाची पहिली वाटी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटात पडली पाहिजे.

सोयाबीनची गोष्ट तर त्याहून विचित्र. शेतात पिकते, बाजार समितीत विकले जाते, तेल निघते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. किलोभर सोयाबीनमध्ये साडेतीनशे ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. मात्र ते कच्चे कधीही खाऊ नये, कारण त्यात पचनाला अडथळा करणारा घटक असतो. तो उष्णतेने जातो. रात्री भिजवावे, वीस मिनिटे उकळावे, कडक उन्हात वाळवावे आणि दहा किलो गव्हात एक किलो घालून दळून आणावे. पोळीला वास येत नाही.

डाळ महाग आहे, हे मला मान्य आहे. मजुरीवर जगणाऱ्या घराला अडीच किलोचा उपदेश करणे सोपे असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, पण त्यात डाळीचा हक्क नाही. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून किलोभर हरभरा डाळ दिली गेली, ते चांगले झाले. परंतु भूक काही दिवाळीपुरती नसते. माणशी निदान एक किलो डाळ दरमहा रेशनवर मिळालीच पाहिजे, आणि ती इथल्याच शेतकऱ्याकडून घ्यावी. आपल्या लोकप्रतिनिधींना हे विचारायला हवे.

पावडरीच्या डब्याबद्दल दोनच शब्द. शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळाव्यात, असे पोषण संस्थेचे २०२४ चे मार्गदर्शनही सांगते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला भारतीय खेळ दाखवले, तेव्हा हे डबे बाजारात नव्हते.

शाकाहारी वाचकांनी ब-१२ जीवनसत्त्वाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ते डाळीत नाही. दूध-दह्यात थोडे असते. पायांना मुंग्या येणे, सतत थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे असतील तर रक्त तपासून घ्यावे. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हा लेख वाचून डाळ वाढवू नये. त्यांचे प्रमाण वेगळे असते, ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.