विश्लेषण : देशात विजेते, आशियात १७ गोल, मुंबई सिटीचा बचाव का कोलमडला?

मुंबई सिटी एफसीने ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून आयएसएल करंडक जिंकला. मात्र याच हंगामात एएफसी चॅम्पियन्स लीगमधील सहाही सामने संघाने गमावले. वेगाने धावत येणाऱ्या खेळाडूंना रोखणे मुंबईला का जमले नाही?

आकडे काय सांगतात?
आयएसएलच्या साखळीत २२ सामन्यांत मुंबईवर १९ गोल झाले. आशियात अवघ्या सहा सामन्यांत १७. इराणचा नस्साजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदीचा अल हिलाल या तिघांनीही दोन्ही वेळा हरवले. रियाधमध्ये तर अल हिलालने ६-० असा धुव्वा उडवला. मुंबईचा गोल एकच.

अडचण कुठे?
तेव्हाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा भर गोलरक्षकापासून छोटे पास देत पुढे जाण्यावर आणि चेंडू गेला की तिथेच दबाव टाकण्यावर होता. त्यासाठी बचावफळी पुढे सरकते आणि मागे मोकळी जागा राहते. आयएसएलमध्ये या जागेचा फायदा कमी संघ उठवतात, कारण चेंडू हिसकावल्यानंतरचा पहिला पास अनेकदा चुकतो. आशियातील बड्या संघांचा तो चुकत नाही. पास निघण्याआधीच त्यांचा आघाडीवीर धावू लागतो आणि वळून पाठलाग करणारा बचावपटू दोन पावले मागेच राहतो.

दोष फक्त बचावपटूंचा?
नाही. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईत अल हिलालला मध्यंतरापर्यंत एकही गोल करता आला नाही. उत्तरार्धात मेहताब सिंगला लाल कार्ड मिळाले, एक माणूस कमी झाला आणि मग दोन गोल झाले. धावणाऱ्याच्या मागे जाणे हे मधल्या फळीचे आणि विंगरचेही काम आहे. ते वेळेत परतले नाहीत, तर शेवटच्या फळीतील चौघे उघडे पडतात.

पुढे काय?
लीग शील्ड जिंकल्याने २०२४-२५ च्या हंगामात आशियाई स्पर्धेत मोहन बागानला प्रवेश मिळाला. हीच परीक्षा त्यांचीही होती. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरील प्रेक्षकांनाही ही चूक ओळखीची आहे : नजर चेंडूवर, पाठ माणसाकडे. ती मोडायची तर सवय सोळा-सतराव्या वर्षीच लावावी लागेल. व्यावसायिक क्लबमध्ये पोहोचल्यावर ती शिकवायला उशीर झालेला असतो.