पद साहेबाचे, काम कामगाराचेच!

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत ‘पुनर्रचना’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. दोन खाती एक होतात, तिघांचे काम एकाच्या गळ्यात पडते आणि तंत्रज्ञाच्या हाती ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ असे पत्र येते. घरी पेढे वाटले जातात. पण उद्या नोकरीवर गदा आली तर हा माणूस कायद्याच्या नजरेत कामगार राहील काय, हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

याच पट्ट्यातील सीमेन्सच्या कळवा कारखान्यात 2007 साली कामगारांकडून अधिकारी प्रशिक्षणार्थी पदासाठी अर्ज मागविण्यात आले. प्रशिक्षणानंतर ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर हे पद मिळणार होते. अधिकारी म्हणवून कामगाराचेच काम करून घ्यायचे आणि कामगारांची संख्या घटवायची, असा युनियनचा आक्षेप होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2011 साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. अनुचित कामगार प्रथेचा आरोप मान्य झाला नाही. म्हणजे पदे बदलण्याची वाट कंपन्यांना मोकळी आहे. कामगाराने बढती नाकारावी असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ती डोळे उघडे ठेवून घ्यावी.

कायदा पदाचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो. सिबा-गायगी कंपनीविरुद्धच्या अर्कल गोविंदराज राव खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य काम कोणते, हीच कसोटी लावली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम करणारा कामगारच आहे. दरमहा 18 हजारांची वेतनमर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्यांसाठी. म्हणून स्वतः यंत्र दुरुस्त करणारा, चाचणी घेणारा इंजिनिअर जास्त पगार घेतो एवढ्यावरून संरक्षणाबाहेर जात नाही. परंतु आपण कामगार आहोत, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. पुरावा नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

कामाची वाटणी ही निव्वळ तांत्रिक बाब असते, असे आपल्याला कुणी सांगू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धाग्याला तोंड लागते म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. जास्त मजुरी त्याच खात्यात होती! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आज विटाळ कुणी उघड बोलत नाही. पण खाजगी कंपनीत आरक्षण नाही. नव्या रचनेत डिझाईनच्या टेबलावर कोण बसणार आणि रात्रपाळीच्या देखभालीला कोण जाणार, हे बंद खोलीतील मुलाखतीत ठरते. निकष लेखी नसतील तर ओळखीपाळखी आणि आडनाव चालते, हे आपल्या आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना नव्याने सांगायला नको.

तेव्हा नवे पत्र हाती आले की कामांची यादी लेखी मागा. जुने नेमणूकपत्र, जॉब कार्ड, पाळीची नोंद, वरिष्ठांचे मेल यांच्या प्रती जपून ठेवा. रजा मंजूर करण्याचा, शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार खरोखर आपल्याला आहे काय, ते तपासा. तो नसेल तर ‘एक्झिक्युटिव्ह’ ही नुसती पाटी आहे. कामगारांच्या सेवाशर्तींत बदल करताना संहितेच्या कलम 40 प्रमाणे नोटीस लागते काय, हे युनियनने वेळीच पाहावे. सह्या झाल्यावर नव्हे.

आणि युनियननेही एक ठरवावे. बढतीचे निकष लेखी आणि सर्वांना खुले असावेत, ही मागणी प्रत्येक करारात हवी. टायची गाठ बांधली म्हणून कुणी मालक होत नाही. यंत्राजवळ उभा राहणारा आणि संगणकावर बसणारा, दोघांच्या डोक्यावर एकच तलवार टांगलेली आहे. ती एकाच्या मानेवर पडेपर्यंत दुसऱ्याने वाट पाहू नये.