शिवणकाम : कोशाच्या कपड्यास टिचबटणे

आरमोरी व नागभीडकडील कोशाची चोळी अथवा मुलाचा सदरा घरी शिवला, की टिचबटणे लावण्याचा मोह होतो. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ साली पेटंट घेतलेले हे साधन सोयीचे खरे. काजे करण्याचा खटाटोप वाचतो. परंतु ऐनावर पोसलेल्या किड्यांचा हा धागा कितीही चिवट असला, तरी पातळ विणीच्या कापडावर प्रत्येक उघडझापीचा ताण पडतो, आणि बटण शाबूत राहून कापडच फाटते. म्हणून आम्ही भगिनींस सुचवितो, की बटणाच्या जागी आतून जुन्या धोतराची दुपदरी पट्टी प्रथम शिवून घ्यावी.

ठोकून बसवावयाची बटणे पातळ कोशास वर्ज्यच समजावी. शिवावयाचीच घ्यावी, आणि तीही पितळेची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पावसाळ्यात लोखंड गंजते व त्याचा डाग कोशावरून सहजी निघत नाही. खुंटीचा भाग वरच्या पदरास आधी शिवावा. टाके पट्टीतच राहावेत, दर्शनी बाजूस येऊ नयेत. मग खुंटीस खडू लावून ती खालच्या पदरावर दाबावी. खूण उमटेल तेथेच खळगीचा भाग बसवावा. प्रत्येक छिद्रात चार टाके पुरेत. उघडताना कापड न ओढता बटणाच्या कडेस नख घालावे.

तान्ह्या मुलाच्या झबल्यास मात्र बंदच असावेत. सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जावयास क्षणही लागत नाही. तेथे सोयीचा विचारच नको.