मेहकरची शीळ

कार्पेंटर्स या अमेरिकन भावंडांचं ‘येस्टरडे वन्स मोअर’ 1973 सालचं. माझ्या कानावर ते पडलं यंदा, खामगाव-मेहकर एसटीत. शेजारच्या कॉलेजकुमारानं इअरफोनचं एक टोक पुढे केलं म्हणून. रेडिओवरच्या जुन्या गाण्यांसाठी हळवं झालेलं गाणं. निम्मे शब्द डोक्यावरून गेले, पण त्या भावंडांतल्या कॅरेनचा खालच्या पट्टीतला आवाज आत उतरला. आणि आठवली आईच्या तोंडची, ज्वारी पाखडताना ऐकलेली ‘शीळ’! मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांची ही कविता जी. एन. जोशींनी गायली, आणि मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळजण तिथूनच मोजतात. (आपल्या जिल्ह्याला हे ठाऊक असावं, एवढी माफक अपेक्षा.) या अंकासाठी वाचकांकडून अशीच, मनात रुतलेली ‘आपली’ गाणी मागवली होती. निम्मी पत्रं किशोरकुमारवर आली. छापली आहेत.